खुराकावरची पोरं, कोटींचा बाजार

२० जानेवारी २०२६ ची सकाळ. दहाच्या आसपास अमेरिकेतून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो इंडियाना विद्यापीठात शिकतो, ब्लूमिंग्टन नावाच्या लहानशा गावात. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, थंडी हाडं गोठवणारी, आणि तरी कर्कवूड ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर पोरापोरींची अशी झुंबड की फोनमध्ये नुसती डोकी आणि आरोळ्या. “मामा, आपण जिंकलो!” तो ओरडला. आपण म्हणजे कोण आणि कशात, हे मला विचारावं लागलं.

आपण म्हणजे इंडियानाचा फुटबॉल संघ. कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यांनी मायामी विद्यापीठाला २७-२१ असं हरवलं होतं, आणि हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकले होते. २०२३ च्या हंगामात हाच संघ बारापैकी नऊ सामने हरला होता. मोठ्या विद्यापीठांमध्ये सगळ्यांत जास्त पराभव खाल्लेला संघ, ही त्याची शंभरेक वर्षांची कमाई. मी भाच्याला विचारलं, “एवढी तगडी पोरं दोन वर्षांत तयार कशी केली रे?” तो हसला. “तयार कुठे केली मामा, आणली.”

हा लेख त्या ‘आणली’बद्दल आहे.

## कॉलेजचा खेळ, लाखाचं मैदान

हा फुटबॉल मेस्सीचा नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल: डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, हातात लांबट चेंडू आणि एकमेकांना धडका. मैदानात एका वेळी अकराच उतरतात, पण चढाईची तुकडी वेगळी, बचावाची वेगळी, लाथ मारणारे वेगळे, त्यामुळे संघात शंभराच्या घरात पोरं असतात. सगळ्यांत महत्त्वाचा तो क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते क्षणात तो ठरवतो. भावही सगळ्यांत जास्त त्यालाच.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू आणि त्यांचे दोन मित्र. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनसंख्या १,०७,६०१ आहे. वानखेडे तीनदा भरेल आणि वर काही हजार माणसं उभी राहतील. लाखाच्या वर माणसं मावणारी अशी आठ मैदानं कॉलेजांची आहेत. कित्येक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो.

या खेळात टीव्हीचा पैसा किती, तर अंतिम टप्प्याच्या बाद फेरीचे हक्क २०२६ पासून सहा वर्षांसाठी ईएसपीएनने ७.८ अब्ज डॉलरला घेतले आहेत. म्हणजे वर्षाला १.३ अब्ज, आपल्या रुपयांत अकरा हजार कोटींच्या वर. आणि ही फक्त शेवटच्या काही सामन्यांची किंमत झाली. साखळी सामन्यांचे करार वेगळे.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग. शाळा सुटून तीन वर्षं झाल्याखेरीज ती कुणालाही घेत नाही. अठरा वर्षांच्या गुणी पोराला खेळायचं तर दुसरा क्लब नाही, कनिष्ठ लीग नाही. वाट एकच, कॉलेजातून जाणारी.

## खुराक होता, इनाम नव्हतं

कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान डोळ्यांसमोर आणा. तालीम त्याला राहायला जागा देते, कुणी दूध-बदाम-तुपाचा खर्च उचलतं. पण मैदान मारलं की इनाम त्याचं. समजा, उद्या एखाद्या वस्तादाने सांगितलं, “खुराक मिळतोय ना? मग इनाम, तिकिटाचे पैसे, टीव्हीचे पैसे, सगळं तालमीचं. आणि बाहेर कुणाकडून एक रुपया घेतलास तर लांग उतरवून घरी जा.” अमेरिकेत कॉलेज फुटबॉल साधारण याच नियमावर चालत आलं. खेळाडूला शिष्यवृत्ती मिळायची, म्हणजे फी, खोली आणि जेवण. बाकी काही नाही.

नियम करणारी संस्था एनसीएए. १९०५ साली या खेळात इतकी पोरं मेली आणि जायबंदी झाली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांना बोलावून घेतलं, आणि त्यातून १९०६ मध्ये ही संस्था निघाली. जन्म सुरक्षेसाठी झाला, आयुष्य गेलं खेळाडूंनी पैसे घेतले का हे तपासण्यात.

त्यांच्या शब्दकोशातला सर्वांत चलाख शब्द म्हणजे ‘विद्यार्थी-खेळाडू’. ऐकायला गोड. पण १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजकडून खेळताना डोक्याला मार लागून रे डेनिसन हा खेळाडू गेला. त्याच्या बायकोने कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. कोर्ट म्हणालं, तो कामगार नव्हता, भरपाई नाही. असे दावे येऊ लागले तसा हा जोडशब्द एनसीएएने सगळीकडे रुजवला. तो घडवणारे, संस्थेचे अनेक वर्षांचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर याच व्यवस्थेवर सडकून टीका केली, हा काळाने घेतलेला सूड म्हणायचा.

टेबलाखालून पैसे चालायचेच. एसएमयू या टेक्सासच्या विद्यापीठात ते इतके उघड झाले की त्यांचा १९८७ चा अख्खा हंगाम रद्द केला गेला. २००५ चा सर्वोत्तम खेळाडू रेजी बुश याने पुढे बाहेरून लाभ घेतल्याच्या ठपक्यावरून आपली हाइजमन ट्रॉफी परत केली. २०२४ मध्ये ती त्याला सन्मानाने परत मिळाली, कारण तोवर तेच करणं कायदेशीर झालं होतं.

प्रशिक्षकांना असली बंधनं कधी नव्हती. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा करार मोडण्यापोटी त्यांना सुमारे ७.६ कोटी डॉलर देणं लागत होतं. सहाशे कोटी रुपये, काम न करण्याचे.

## पहिलं भगदाड: नाव आणि चेहरा

एड ओबॅनन हा बास्केटबॉलपटू. निवृत्तीनंतर एका मित्राच्या घरी व्हिडिओ गेम चालू होता, आणि त्यातला खेळाडू हुबेहूब तो होता: डावखुरा, त्याचाच ३१ नंबर, त्याचंच टक्कल. फक्त नाव नव्हतं. पैसेही अर्थातच नव्हते. २००९ मध्ये त्याने खटला भरला, २०१४ मध्ये तो बराचसा जिंकला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की आमच्या राज्यातल्या कॉलेज खेळाडूंना जाहिरातीतून कमवायला कुणी आडकाठी करायची नाही. मग जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या मर्यादांबाबत एनसीएएविरुद्ध नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी वेगळं टिपण जोडून बजावलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही.

कोणता कायदा? मक्तेदारीविरोधी कायदा. तो सांगतो की एकमेकांचे स्पर्धक असणाऱ्यांनी संगनमताने भाव ठरवायचा नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांनी बंद खोलीत बसून ठरवलं की यंदा उसाला पहिली उचल शून्य, तर शेतकरी काय म्हणेल? कॉलेजांनी शतकभर मजुरीबाबत हेच ठरवलं होतं, आणि त्याला ‘हौशी खेळाचं पावित्र्य’ असं नाव दिलं होतं.

त्या निकालानंतर दहाच दिवसांत, १ जुलै २०२१ ला, एनसीएएने हात वर केले. खेळाडूला आपलं नाव, छायाचित्र आणि चेहरामोहरा वापरू देण्याचे पैसे घेता येतील असं ठरलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला सगळे एनआयएल म्हणतात. कल्पना साधी होती: गावातल्या मोटार विक्रेत्याच्या जाहिरातीत झळक, पैसे घे.

पण त्या मोटार विक्रेत्याला जाहिरातीपेक्षा संघ जिंकायला हवा असतो. मग माजी विद्यार्थी आणि दर्दी चाहत्यांनी वर्गणी काढून मंडळं स्थापली. तिकडे त्यांना ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात; आपण वर्गणी मंडळ म्हणू. मंडळ खेळाडूला पैसे देतं, खेळाडू चार टी-शर्टांवर सही करतो, एखाद्या शाळेत जाऊन पोरांशी हात मिळवतो. कागदावर जाहिरात, व्यवहारात पगार. आपल्याकडे कबड्डीपटूला बँकेत कारकून म्हणून घ्यायचं आणि त्याने वर्षभर मॅटवर राहायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटू नये.

जाता जाता: एफ-१ व्हिसावरच्या परदेशी खेळाडूंना हे पैसे कमावणं फार अवघड, कारण त्या व्हिसावर अमेरिकेत असं काम करता येत नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू लांब लाथाडणारे बरेच ऑस्ट्रेलियन आहेत, ते यात अडकतात. आपली पोरं ज्या व्हिसाच्या कटकटीने हैराण असतात, तीच ही कटकट.

## झोनबंदी उठली

ऊसपट्ट्यातल्या वाचकांना झोनबंदी आठवत असेल. तुमचा ऊस तुमच्या क्षेत्रातल्या कारखान्यालाच घालायचा, शेजारचा कितीही भाव देवो. कॉलेज खेळाडूवर अशीच बंदी होती. कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसायचं. खेळायला जेमतेम चार हंगाम मिळतात, आणि या खेळात गुडघा कधी जाईल सांगता येत नाही. वर्ष वाया घालवायला कोण तयार होणार?

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झालं. नाव भारी असलं तरी ही एक यादीच आहे. खेळाडूने नाव घातलं की इतर कॉलेजं त्याच्याशी उघड बोलू शकतात. २०२१ मध्ये एकदा बदली करणाऱ्याला वर्षभर बसण्यातून सूट मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने उरलेल्या बंधनालाही स्थगिती दिली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पास असलेला खेळाडू कितीही वेळा बदली करू शकतो.

वर्गणी मंडळं आणि पोर्टल दोन्ही एकाच काळात आली, आणि तिथेच स्फोट झाला. नुसते पैसे आले असते तर पोरं आपापल्या कॉलेजात थोडी श्रीमंत झाली असती. नुसती बदली मोकळी झाली असती तर राखीव बाकावरची पोरं खेळायला मिळेल तिथे गेली असती. दोन्ही एकत्र आल्यावर दर हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक खेळाडूचा नव्याने भाव फुटतो. आयपीएलमध्ये मोठा लिलाव तीन वर्षांनी होतो. इथे दर जानेवारीला, आणि हातोडा मारणारा कुणी नाही.

दोन प्रसंग सांगतो. सप्टेंबर २०२४. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास शाखेचा संघ तीनपैकी तीन सामने जिंकलेला. त्यांचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका भर हंगामात उठून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, एक लाख डॉलर कबूल केले होते, ते मिळाले नाहीत. कॉलेज म्हणालं, असं काही ठरलंच नव्हतं. करार तोंडी, वादही तोंडी. दुसरा प्रसंग एप्रिल २०२५ चा. टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक निको यामालियावा याचा करार सुमारे ८० लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या. तो वाढवून मागतोय अशी कुजबुज झाली, तो सरावाला आला नाही, आणि प्रशिक्षकाने त्याला सोडून दिलं. तो गेला लॉस एंजेलिसला, यूसीएलएकडे. आपल्या राजकारणातले आयाराम-गयाराम निदान गुवाहाटीला जाऊन हॉटेलात राहतात. इथे फोनवर काम होतं.

## आता कॉलेजच पैसे देणार

ग्रँट हाऊस हा ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू. त्याच्या नावाने चाललेल्या खटल्यात ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी तडजोडीला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास. ती दरवर्षी वाढत जाणार.

ताडून पाहायचं तर २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक आयपीएल संघाच्या थैलीत १२० कोटी होते. विद्यापीठाची रक्कम सगळ्या खेळांत वाटायची असते, पण बहुतेक मोठ्या कॉलेजांचं गणित असं: पंचाहत्तर टक्के फुटबॉलला, पंधरा पुरुष बास्केटबॉलला, पाच महिला बास्केटबॉलला, पाचांत बाकी सगळे. म्हणजे एकट्या फुटबॉलचा वाटाच आयपीएल संघाच्या थैलीएवढा.

मर्यादा पाळली जावी म्हणून वर्गणी मंडळांच्या करारांवर चाळणी लावली आहे. सहाशे डॉलरच्या वरचा प्रत्येक बाहेरचा करार ‘एनआयएल गो’ नावाच्या व्यवस्थेत नोंदवायचा. तिथे विचारतात, यामागे खरा धंदा आहे का, आणि भाव वाजवी आहे का? आता एकोणीस वर्षांच्या क्वार्टरबॅकच्या सहीचा वाजवी भाव कोण ठरवणार? चाळणीला भोकं असतात आणि वकिलांना ती आधी दिसतात.

## “शिक्षण फुकट मिळत होतं ना? मग रडगाणं कशाला?”

हा आक्षेप अमेरिकेतही सगळ्यांत आधी येतो आणि तो पोकळ नाही. खासगी विद्यापीठात वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर जातो. चार वर्षांचं गणित केलं तर कर्ज काढून पोरं पाठवणाऱ्या आपल्या आईबापांच्या डोळ्यांत पाणी येईल. पण शिष्यवृत्तीची किंमत खेळाडूने नाही, कॉलेजांनी आपसात ठरवली होती, आणि टीव्हीचा पैसा शंभर पटींनी वाढला तरी ती जागची हलत नव्हती. डोक्याला वर्षानुवर्षं धक्के घेणाऱ्या, आणि बहुतांशी एनएफएलपर्यंत कधीच न पोचणाऱ्या मुलांसाठी ही चार वर्षंच कमाईची असतात.

## “पैशापायी निष्ठा राहिली नाही”

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटच्या दिवशी मिसिसिपी विद्यापीठाचे प्रशिक्षक लेन किफिन हे प्रतिस्पर्धी एलएसयूकडे, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे, गेले. त्यांचा संघ अकरा सामने जिंकून राष्ट्रीय बाद फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. पोरांना सोडून गुरुजी निघून गेले. प्रशिक्षक हे कित्येक दशकं करत आलेत आणि तेव्हा त्याला ‘करिअर’ म्हणायचे.

विद्यापीठंही मागे नाहीत. टीव्हीच्या पैशापायी दक्षिण कॅलिफोर्निया, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी २०२४ मध्ये शतकभर जुनी पॅसिफिक किनाऱ्याची लीग सोडून मध्य-पश्चिमेतली ‘बिग टेन’ गाठली, ज्या ‘टेन’मध्ये आता अठरा संघ आहेत. स्टॅनफर्ड आणि बर्कली गेले ‘अटलांटिक किनारा’ नावाच्या लीगमध्ये. नकाशा काढून बघा, दोघांच्या दाराशी समुद्र पॅसिफिक आहे.

तरी चाहत्याचं दुःख मला खरं वाटतं. चार वर्षं एकाच जर्सीत पोरगा वाढताना पाहायचा, हे या खेळाचं खरं सुख होतं. आता दर ऑगस्टला नवी नावं पाठ करायची. वर खिशालाही चाट: टेनेसीने तिकिटावर दहा टक्के ‘प्रतिभा शुल्क’ लावलं आहे.

## “म्हणजे ज्याच्याकडे पैसा तोच जिंकणार”

पूर्वी काय वेगळं होतं? जुन्या काळात पैसा खेळाडूंना देता येत नव्हता, म्हणून तो संगमरवरी व्यायामशाळांत आणि प्रशिक्षकांच्या खात्यात जायचा, आणि दर्जेदार पोरं अलाबामा, ओहायो स्टेट, जॉर्जियात साचायची. अलाबामाच्या तिसऱ्या फळीतला पोरगा दुसरीकडे नायक झाला असता, पण तो हलू शकत नव्हता.

झोनबंदी उठल्यावर हा साठा वाहता झाला. टेक्सास टेक या विद्यापीठाने २०२५ मध्ये आपली लीग पहिल्यांदाच जिंकली. मागे उभे होते तेल उद्योगातले अब्जाधीश कोडी कॅम्पबेल, जे स्वतः कधीकाळी याच संघाकडून खेळले होते. आणि इंडियाना. तिथे २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले, जेम्स मॅडिसन या लहान विद्यापीठातून. येताना तिथले तेरा खेळाडू आले. नव्या पोरांना आपल्याकडे यायला कसं पटवता असं विचारल्यावर त्यांचं उत्तर होतं, “मी जिंकतो. गुगल करा.” क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा बर्कलीहून आला, हाइजमन जिंकला, आणि ज्या मायामीत तो वाढला तिथेच झालेल्या अंतिम सामन्यात चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या संधीला, स्वतः चेंडू घेऊन धडका खात रेषेपलीकडे झेपावला. सिग्नेटींनी नुसती महागडी पोरं उचलली नाहीत. वयाने मोठी, दोन-तीन हंगाम खेळलेली, आणि इतरांनी कमी लेखलेली पोरं हेरली. बाजार खुला झाला की पारखीलाही किंमत येते.

पण याची दुसरी बाजू जेम्स मॅडिसनला विचारा. तेरा पोरं आणि प्रशिक्षक गेल्यावरही ते पुन्हा उभे राहिले आणि २०२५ मध्ये चक्क राष्ट्रीय बाद फेरीत पोचले. त्याच सुमारास त्यांचा नवा प्रशिक्षकही यूसीएलएने उचलला. लहान कॉलेजं रोपवाटिका झाली आहेत: रोप लावायचं, वाढवायचं, फळाला आलं की शेजाऱ्याने कुंडीसकट न्यायचं. व्यावसायिक सॉकरमध्ये असा खेळाडू गेला तर जुन्या क्लबाला बदलीची रक्कम मिळते. इथे अशी रीतच नाही.

## मुलींच्या खेळांचं काय?

इथे मला खरी काळजी वाटते. अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकातले बहुसंख्य खेळाडू कॉलेजांतून येतात. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, धावणं, यांचा खर्च फुटबॉलच्या कमाईतून भागतो. ती कमाई आता फुटबॉलपटूंकडे वळली तर पहिली कुऱ्हाड या खेळांवर पडणार. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानुसार शिक्षणसंस्थांना मुलामुलींमध्ये भेद करता येत नाही. मग पंचाहत्तर टक्के फुटबॉलला देणं त्यात बसतं का? हाऊस तडजोडीला याच मुद्द्यावर आव्हान दिलं गेलं. शिवाय लीग बदलल्याने स्टॅनफर्डच्या व्हॉलीबॉलपटू मुली साध्या साखळी सामन्यासाठी देश ओलांडतात आणि गृहपाठ विमानात करतात. टीव्हीचा करार मात्र फुटबॉलसाठी झालेला असतो.

## मग सरळ नोकर का म्हणत नाहीत?

माझा भाचा आठवड्याला वीस तास विद्यापीठाच्या भोजनगृहात काम करतो. ॲप्रन, टोपी, हातात चिमटा. त्याला तासावर पैसे मिळतात, पगाराची चिठ्ठी मिळते, कामावर हात भाजला तर भरपाईचा हक्क आहे. कायद्याने तो विद्यापीठाचा कर्मचारी. त्याच रांगेत ताट घेऊन उभा असलेला फुटबॉलपटू प्रशिक्षक सांगेल तेव्हा उठतो, सांगेल ते खातो, त्याच्या जिवावर विद्यापीठ कोट्यवधी कमावतं आणि आता विद्यापीठ त्याला लाखो डॉलरही देतं. तो मात्र कर्मचारी नाही.

सगळा गोंधळ या एका नकारातून येतो, असं माझं मत. एनएफएलमध्येही पगाराची मर्यादा आहे, बदल्यांवर बंधनं आहेत, नवा खेळाडू कुठल्या संघात जाणार हेही त्याच्या हातात नसतं. तिथे कोर्ट ते मोडत नाही, कारण खेळाडूंची युनियन आहे आणि या अटी तिने वेतन करारात वाटाघाटी करून मान्य केल्या आहेत. गिरणगावात वाढलेल्याला हे समजावायला नको: दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला करार टिकतो, मालकांनी एकतर्फी लावलेली नोटीस कोर्टात फाटते. एनसीएए दर वेळी नोटीस लावते आणि दर वेळी हरते. वाटाघाटी करायच्या तर समोर युनियन हवी, युनियनसाठी कामगार हवेत, आणि ‘कामगार’ हा शब्दच सत्तर वर्षं टाळला गेला आहे.

खेळाडूंनी प्रयत्न केले. नॉर्थवेस्टर्न या खासगी विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी युनियनसाठी अर्ज केला. २०१५ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाने आम्ही यात पडत नाही म्हणून तो फेटाळला. हे मंडळ फक्त खासगी संस्था पाहतं, तर बहुतेक फुटबॉल विद्यापीठं सरकारी, आणि दक्षिणेतल्या काही राज्यांत सरकारी नोकरांना वेतन करार करायलाच बंदी. जुलै २०२४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने मात्र म्हटलं की काही खेळाडू कर्मचारी ठरू शकतात. कॉलेजांनी संसदेकडे धाव घेतली आहे: आम्हाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट द्या, आणि खेळाडू नोकर नाहीत असं लिहून द्या. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जुलै २०२५ मध्ये कॉलेज खेळ वाचवण्याच्या नावाने आदेश काढला. डिसेंबरमध्ये संबंधित विधेयक मतदानाच्या दारातून परत फिरलं.

कर्मचारी म्हटलं की कॉलेजांचंही ओझं वाढेल, हे खरं. लहान कॉलेजातल्या, एक पैसा न कमावणाऱ्या रोइंग संघालाही पगार द्यायचा का? फुटबॉल आणि बाकी खेळ यांची फारकत करणं हा एक रस्ता दिसतो, पण तो घेतला की फुटबॉल हा शिक्षणाचा भाग आहे हे नाटक संपतं, आणि देणगीदार, करसवलती, माजी विद्यार्थ्यांचं प्रेम, सगळं त्या नाटकावर उभं आहे.

तोवर कॉलेजं वकिलांकरवी एकेका खेळाडूला बांधू पाहतात. ड्यूक विद्यापीठाने जानेवारी २०२६ मध्ये आपल्याच क्वार्टरबॅकला, डॅरियन मेन्साला, कोर्टात खेचलं, कारण करार शिल्लक असताना तो पोर्टलमध्ये गेला. आठवडाभरात तडजोड झाली आणि तो मायामीला गेला. त्याच मायामीवर विस्कॉन्सिनने आधी, २०२५ मध्ये, आमचा खेळाडू फितवला म्हणून दावा लावला होता.

२०२६ ची पोर्टलची खिडकी, म्हणजे यादीत नाव घालायची मुदत, २ ते १६ जानेवारी अशी होती, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधी बंद होणारी. भाच्याला त्या सकाळी मी शेवटचा प्रश्न विचारला होता: मेंडोझाचं कॉलेज तर संपलं, आता पुढच्या हंगामात कोण? मागे कुणीतरी दिव्याच्या खांबावर चढत होतं आणि सगळे त्याला ओरडून खाली बोलावत होते.

“आलाय की. टेक्सासहून, टीसीयूचा. हूवर,” तो म्हणाला. “फायनलच्या आधीच ठरलंय. ठेवतो मामा, उद्या सकाळी नाश्त्याची शिफ्ट आहे.”